पाचवीची उडी आणि गणिताची भीती

धारगळ हे नाव आता गोव्याबाहेरच्या लोकांनाही माहीत झाले आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी आमच्या धारगळच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचेही. ५ जानेवारी २०२३ पासून मोपावरून विमाने उडू लागली. २०२४ च्या डिसेंबरात भलामोठा संगीत महोत्सव धारगळात भरला आणि त्यावरून केवढा वाद झाला ते वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना सांगायला नको. एकंदरीत काय, ज्या पेडणे तालुक्याला कालपरवापर्यंत 'मागास' म्हणून बाजूला सारले जायचे, त्याच्या दारात आता विकास स्वतःहून येऊन उभा राहिला आहे.

दारात आलेल्या पाहुण्याचे स्वागत करायचे ही आपली रीत आहे. पण या नव्या इमारतींमध्ये आपल्या गावची मुले कोणत्या दाराने आत जाणार, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. सुरक्षारक्षक, सामान चढवणारे, साफसफाई करणारे, टॅक्सीवाले... ही कामे हलकी आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. घाम गाळून मिळवलेल्या भाकरीला मान आहेच. पण त्याच इमारतींमध्ये दुसरी कामेही आहेत ना? विमानांना वाट दाखवणारा हवाई वाहतूक नियंत्रक व्हायचे तर इंजिनिअरिंगची पदवी लागते, नाहीतर भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन केलेली बीएस्सी. परिचर्येची पदवी घ्यायची, औषधे देणारा फार्मासिस्ट व्हायचे तर बारावी विज्ञान लागते. आयुर्वेदाचा वैद्य व्हायचे तरी आता 'नीट' द्यावी लागते, १८० प्रश्न आणि ७२० गुण, ते सगळे भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे. म्हणजे आपल्या आजीच्या बटव्यातल्या औषधांचे रीतसर शिक्षण घ्यायलासुद्धा विज्ञानाचे कुलूप उघडावे लागते. ती किल्ली धारगळच्या, इब्रामपूरच्या, तोरशेच्या मुलाच्या हातात किती वेळा पडते?

माझी नोकरी कारकुनाची. मे-जून महिना आला की उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला यांसाठी पालकांची रांग लागते. कागद तपासता तपासता मी सहज विचारतो, "मुलाला कुठल्या शाखेला घालणार?" गेल्या कित्येक वर्षांत ऐकलेली उत्तरे साधारण एकाच साच्याची आहेत. "आर्ट्साक." "कॉमर्साक, नाय जाल्यार आयटीआय." एका बाईंनी दिलेले उत्तर मात्र माझ्या कायमचे लक्षात राहिले आहे. "सायन्साक घालूंक व्हयो होतो, पण ट्युशनाचे पैशे खंयसून हाडूचे?" या उत्तरात मुलाच्या बुद्धीबद्दल एकही शब्द नाही, त्याच्या आवडीबद्दलही नाही. आहे तो फक्त शिकवणीचा हिशेब. सरकारी फी माफक आहे, पण शिकवणीशिवाय अकरावी-बारावी विज्ञान पार पडत नाही हे त्या बाईंनी गृहीतच धरले होते. आणि खरे सांगायचे तर त्यांचे गृहीत चुकीचे नव्हते.

मी स्वतः कला शाखेचा पदवीधर. त्याबद्दल मला यत्किंचितही खंत नाही. साहित्याने मला जे दिले ते दुसऱ्या कशाने दिले नसते. पण कला शाखा ही आवडीने निवडण्याची गोष्ट आहे. ज्याला इतिहास वाचायचा आहे, ज्याला भाषेत रस आहे, त्याने ती घ्यावी. आज आपल्या खेड्यांत ती विज्ञान न परवडणाऱ्यांची आणि गणिताला घाबरलेल्यांची जागा होऊन बसली आहे. यात विज्ञानाचे नुकसान आहे तसे साहित्याचेही आहे, हे माझ्यासारख्या मराठीप्रेमी माणसाने तरी स्पष्ट बोलायला हवे.

कुणी म्हणेल, सरकारी शाळा सगळ्यांना सारख्या, पुस्तके सारखी, परीक्षा सारखी. मग अन्याय कुठे आहे? यावर मी शेतीचेच उदाहरण देतो. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो. पण खाजनात पाणी साचते, खेर जमिनीत थोडे टिकते आणि मोरडीवरचे वाहून जाते. मोरडीवर पीक घ्यायचे तर बांध घालावा लागतो, जास्तीचे पाणी आणावे लागते. तिथला शेतकरी आळशी आहे म्हणून नव्हे, जमिनीची ठेवणच तशी आहे म्हणून. शिक्षणात समान वाटप आणि समन्याय यांत नेमका हाच फरक आहे. ज्याच्या घरात दोन पिढ्या शिकलेल्या आहेत त्याला आणि ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी दहावीला बसले आहे त्याला एकच पुस्तक देऊन 'आम्ही समान संधी दिली' असे म्हणणे म्हणजे पावसाकडे बोट दाखवून शेतीची जबाबदारी झटकणे होय.

आपल्या मातीत बुद्धी नाही असे कुणी म्हणणार असेल तर त्याला मी मांद्र्याला नेईन. डॉ. भाऊ दाजी लाड हे आपल्या पेडणे तालुक्यातील मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या अगदी पहिल्या तुकडीतून १८५१ साली ते डॉक्टर होऊन बाहेर पडले. मुंबईत त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे हे पुष्कळांना माहीत असते. पण आर्यभटाच्या 'आर्यभटीय' या गणित-ज्योतिषाच्या ग्रंथाच्या हस्तलिखित प्रती त्यांनी १८६४ च्या सुमारास केरळातून मिळवल्या आणि आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य यांच्या काळाविषयी १८६५ साली शोधनिबंध प्रसिद्ध केला, हे पेडण्यातल्या किती शाळांच्या भिंतींवर लिहिले आहे? दामोदर धर्मानंद कोसंबी हे दुसरे. १९०७ साली गोव्यात जन्मलेला हा माणूस जगाला इतिहासकार म्हणून ठाऊक आहे, पण पोटापाण्याचा व्यवसाय त्यांनी गणिताचाच केला. तिसरे डॉ. रघुनाथ माशेलकर. जन्म १९४३, गाव माशेल.

आता या तिघांत एक गोष्ट समान आहे. तिघेही गोव्याबाहेर गेले म्हणून फुलले, आणि तिघांच्याही वाटेवर एखादा योगायोग उभा होता. भाऊ दाजींचे वडील मुलाला घेऊन मुंबईला गेले. लहानग्याची बुद्धिबळातली हुशारी एका इंग्रजाच्या नजरेस पडली आणि त्याने वडिलांना मुलाला इंग्रजी शिक्षण देण्याचा आग्रह केला, असे सांगतात. कोसंबींचे वडील धर्मानंद हार्वर्डला गेले म्हणून मुलाला तिथल्या शाळेचे आणि मग विद्यापीठाचे दार उघडले. माशेलकरांचे वडील लवकर वारले. आईने मुंबईत कष्ट करून मुलाला पालिकेच्या मराठी शाळेत घातले. पुढे गिरगावच्या युनियन हायस्कुलात भावे सर भेटले. भिंग घेऊन उन्हात कागद कसा जाळायचा हे त्यांनी मुलांना बाहेर नेऊन दाखवले, आणि त्या एका तासाने आपल्याला शास्त्रज्ञ केले असे माशेलकरांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे.

भावे सर भेटणे हे नशीब झाले. व्यवस्था कशासाठी असते? हुशार मुलाला नशिबावर अवलंबून राहावे लागू नये यासाठी. माशेलकरांच्या वर्गात बसलेल्या आणि भावे सर न भेटलेल्या मुलांची नावे आपल्याला कधी कळणार नाहीत.

आता मूळ दुखण्याकडे वळतो. पोर्तुगीज अमदानीत पुढचे शिक्षण घ्यायचे तर पणजीचे लिसेव, आणि लिसेवची भाषा पोर्तुगीज. १८४२ साली सुरू झालेल्या पणजीच्या वैद्यकीय शाळेचीही तीच भाषा. नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पेडणे, डिचोली, सत्तरीतल्या बहुजनाच्या घरात ही भाषा नव्हती. त्यामुळे ते दार त्याच्यासाठी जवळजवळ बंदच होते. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगावी मराठी प्राथमिक शाळा काढल्या आणि कुळा-मुंडकारांची मुले पहिल्यांदा पाटी घेऊन बसली. हे उपकार आपण विसरता कामा नये. आज आपण जे चार शब्द लिहितो-वाचतो ते त्या शाळांमुळेच.

पण भाऊसाहेबांच्या त्या शाळा चौथीपर्यंतच्या. पाचवीपासून काय? पाचवीपासून मूल हायस्कुलात जाते आणि बहुतेक ठिकाणी त्या दिवसापासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून सुरू होते. घरात ते पेडणेकारी कोकणी बोलते, चौथीपर्यंत मराठीत शिकते आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात अचानक तिसऱ्या भाषेत उडी मारते. काल ज्याला 'अपूर्णांक' म्हटले ते आज 'फ्रॅक्शन' झाले. 'अंश' आणि 'छेद' हे 'न्यूमरेटर' आणि 'डिनॉमिनेटर' झाले. 'परिमिती'ची 'पेरिमीटर' झाली, 'बाष्पीभवना'चे 'इव्हॅपोरेशन' झाले. वर्गात शिक्षक विचारतात आणि मूल गप्प बसते. त्याला भागाकार येत नसतो असे नाही. प्रश्न कळलेला नसतो. दोन-तीन महिने असे गप्प बसले की वर्गात त्याची 'ढ' अशी ख्याती होते, आणि सहावीपर्यंत त्याचे स्वतःचेही तेच मत होते. इंग्रजीत कच्चे असलेले मूल कागदोपत्री गणितात कच्चे म्हणून नोंदले जाते. माझ्या मते आपल्या तालुक्यातील गणिताच्या भीतीचे उगमस्थान हेच आहे.

उलट म्हापशाच्या किंवा पणजीच्या ज्या मुलाच्या घरात इंग्रजी बोलले जाते, ज्याने पहिलीपासून तीच भाषा ऐकली, त्याला ही उडी मारावीच लागत नाही. दोघेही दहावीला एकच प्रश्नपत्रिका सोडवतात. याला आपण गुणवत्ता म्हणतो!

आता थोडे कडू बोलतो. वाचकहो, रागावू नका. आपण मराठीवाल्यांनी माध्यमाच्या प्रश्नावर काय कमी आंदोलने केली? १९९० साली शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्रादेशिक भाषांतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान द्यायचे ठरले. २०११ साली इंग्रजी शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाला आणि भारतीय भाषा सुरक्षा मंच रस्त्यावर उतरला. २०१६ साली याच विषयावरून मोठी राजकीय फाटाफूट झाली. मी सरकारी नोकर, राजकारण हा माझा प्रांत नव्हे. कोण बरोबर आणि कोण चूक या वादात मी पडत नाही. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळायला हवे या मताचा मी कालही होतो आणि आजही आहे. पण या तिन्ही वेळी वाद झाला तो पहिली ते चौथीच्या अनुदानाचा. अनुदान कुणाला, किती, का. चौथी पास होऊन पाचवीत गेलेल्या मुलाच्या अपूर्णांकाचे काय झाले, हा प्रश्न घेऊन एकही मोर्चा निघालेला मला आठवत नाही. मातृभाषेचा काठ आपण प्राणपणाने राखला, पलीकडच्या काठावर इंग्रजी उभी आहे हेही आपल्याला दिसत होते, आणि मधला पूल बांधायचे मात्र कुणाच्याच मनात आले नाही. मुलाने पोहून जावे, नाहीतर बुडावे.

याचा परिणाम डोळ्यांसमोर आहे. पालकांनी आपल्यापुरता तोडगा काढला. ज्याला थोडे परवडते त्याने मुलाला बालवाडीपासूनच इंग्रजी शाळेत घातले. गावातल्या सरकारी प्राथमिक शाळेचा पट घसरत गेला. उरली ती ज्यांना कुठेच जाता येत नाही अशा घरांतली मुले. म्हणजे ज्या शाळेला सर्वांत चांगला गणित शिक्षक द्यायला हवा, तिथे एकच शिक्षक दोन-दोन, तीन-तीन इयत्ता एकत्र घेऊन बसतो. त्या शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही.

भाषेचा अडसर खरा आहे आणि तो दूर करता येतो, हे सांगायला कुणा परदेशी पंडिताची गरज नाही. १९७४ साली मुंबईत स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने हे काम मराठीतच करून दाखवले आहे. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या पाठ्यपुस्तकांची भाषा तपासली. मराठी माध्यमातल्या मुलालाही पुस्तकातले संस्कृतप्रचुर मराठी परकेच वाटते, हे त्यांच्या ध्यानात आले. १९८० च्या दशकात मुंबई पालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर त्यांनी काम केले. मुलांना प्रश्न विचारू दिले, प्रयोग हातात दिले, भाषा सोपी केली, आणि ज्यांना 'यांच्याकडून होणार नाही' असे म्हटले जात होते ती मुले पुढे सरकली. मुलांची बुद्धी बदलली नव्हती, शिकवण्याची तऱ्हा बदलली होती.

भाषेची ही गोष्ट किती साध्या पातळीवर सुरू होते पाहा. २०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून केवढा गदारोळ झाला होता! 'त्रेसष्ट' ऐवजी 'साठ तीन' असेही वाचावे, असे त्या पुस्तकात आले. गणितज्ज्ञ मंगलाताई नारळीकर त्या समितीच्या प्रमुख होत्या. २०२३ साली त्या निवर्तल्या. विनोद झाले, विधानसभेत टोलेबाजी झाली, मराठी बुडाली म्हणून लेख आले. जुने शब्द पुस्तकातून काढलेले नव्हते, जोडीला दुसरी वाचनपद्धत दिली होती, एवढे वाचायची तसदी फारच थोड्यांनी घेतली.

मला स्वतःला जुने शब्द प्रिय आहेत. पण विचार करा. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतो, लिहिताना दोन आधी येतो. 'एकोणतीस' ऐकले की मुलाच्या कानात 'तीस' राहते आणि ते ३९ लिहून मोकळे होते. आपल्या कोकणीतही हीच तऱ्हा आहे. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात आणि तिथल्या मुलांनाही हा घोटाळा सोसावा लागतो. चिनी भाषेत मात्र 'दोन-दहा-पाच' असे सरळ बोलतात. सुशिक्षित घरात आई-आजी रोज अंक घोकून घेतात, त्यामुळे ही अडचण तिथे जाणवत नाही. अडते ते जिथे घोकून घ्यायला संध्याकाळी घरात कुणी नसते तिथे. मंगलाताईंचा मुद्दा या मुलांसाठी होता.

आणि भाषा नुसती अडसरच असते असेही नाही हो. मराठी ही हिशेबाची भाषा आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच... 'दीड' आणि 'अडीच' यांना इंग्रजीत एकेक शब्द शोधून दाखवा! आपले आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ म्हणायचे. ते अपूर्णांकांचे पाढेच की. वीस कुडवांची खंडी मोजणाऱ्या कुळाला कूळवाट काढताना गुणाकार-भागाकार येतच होता. पेडण्याच्या बाजारात मासळी विकणारी बाई वाट्याचा भाव सांगून, घासाघीस करून, उरलेले पैसे क्षणात परत करते. त्याच बाईचा मुलगा पाचवीत 'फ्रॅक्शन'मध्ये नापास होतो. घरातले गणित आणि शाळेतले गणित यांची कुणी ओळखच करून दिली नाही, म्हणून हे घडते.

ही ओळख करून देण्याचे काम अमेरिकेत एका माणसाने फार सुंदर केले. बॉब मोझेस त्यांचे नाव. १९६० च्या दशकात मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून त्यांनी जिवावर उदार होऊन काम केले. पुढे १९८२ साली त्यांनी 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' सुरू केला. त्यांचे म्हणणे असे की, पूर्वी मताचा अधिकार नसलेला माणूस जसा व्यवस्थेबाहेर राहायचा, तसा आता बीजगणित न येणारा माणूस बाहेर राहणार. म्हणून गणित हा नागरी हक्काचाच प्रश्न आहे. धन आणि ऋण संख्या शिकवायला त्यांनी मुलांना बॉस्टनच्या मेट्रोतून फिरवले. एक स्थानक शून्य मानायचे, एका दिशेची स्थानके धन, उलट दिशेची ऋण. मग मुलांनी तो प्रवास आधी आपल्या भाषेत सांगायचा, चित्र काढायचे आणि शेवटी चिन्हांत लिहायचा.

आपल्याकडे मेट्रो नाही, पण कदंबची बस आहे ना! म्हापसा शून्य धरा. कोलवाळ, धारगळ, मालपे, पेडणे या बाजूला धन. गिरी, पर्वरी, पणजी त्या बाजूला ऋण. याला पैसा लागत नाही आणि यंत्रही लागत नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांतून सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने खेड्यातली मुले गावातल्याच वस्तूंनी प्रयोग करून विज्ञान शिकू शकतात हे तीस वर्षे दाखवले. २००२ साली सरकारने तो बंद केला, ही गोष्ट वेगळी. अरविंद गुप्तांची कचऱ्यातून खेळणी करण्याची पुस्तके तर मराठीत मोफत मिळतात. आपल्या किती शाळांनी ती उघडून पाहिली?

यंत्रे आपल्याकडे कमी आली असेही नाही. मुलांना संगणक मिळाले, टॅब्लेट मिळाले, आता कोडिंग आणि रोबोटिक्स आले. यातले काही मी वाईट म्हणणार नाही. पण ज्या मुलाला तीन चतुर्थांश म्हणजे काय हे कळलेले नाही त्याच्या हातात रोबो देणे म्हणजे पाया न घालता घरावर कौले चढवणे. सर्वांत अवघड आणि सर्वांत स्वस्त काम, म्हणजे वर्गात मुलाशी त्याच्या भाषेत बोलणे, ते मात्र राहून जाते.

भूगोलही आमच्या विरुद्ध आहे. पेडणे तालुक्यातील विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला संत सोहिरोबानाथ आंबियेंचे नाव आहे, याचा मला अभिमान वाटतो. पण त्याच्या पाटीवर पुढे 'कला व वाणिज्य' असे लिहिलेले आहे. डिचोली तालुक्यात साखळीच्या सरकारी महाविद्यालयात तरी विज्ञान आहे. आमच्या मुलीला बीएस्सी करायची तर म्हापसा किंवा आसगाव गाठावे लागते. प्रात्यक्षिके उशिरा संपतात, शेवटच्या बसची चिंता असते, आणि मग घरातली माणसे म्हणतात, "कशाक व्हयां ता सायन्स?" मिरामारचे विज्ञान केंद्र २००१ पासून आहे, फार छान आहे, पण ते धारगळपासून तीसेक किलोमीटरवर. वर्षातून एकदा सहल गेली तर गेली.

मध्यंतरी, २०२४ साली, महाराष्ट्रात एक प्रस्ताव चर्चेत आला. दहावीला गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी पुढे जाऊ द्यायचे, मात्र गुणपत्रिकेवर शेरा मारायचा की या विद्यार्थ्याला पुढे हे विषय घेता येणार नाहीत. नापासाच्या शिक्क्याने मुले शाळा सोडतात आणि ती वाचावीत, हा हेतू चांगला आहे, नाकारत नाही. पण तो शेरा कुणाच्या गुणपत्रिकेवर पडेल? शिकवणी लावता आलेल्यांच्या नव्हे. पंधराव्या वर्षी मुलाच्या तोंडावर सरकारी शिक्का मारून दार बंद करायचे आणि त्याला दया म्हणायचे, हे मला पटत नाही. उंबरठा खाली आणण्यापेक्षा उंबरठ्यापर्यंत चढायला पायऱ्या बांधाव्यात.

त्या पायऱ्या कोणत्या? मी काही शिक्षणतज्ज्ञ नव्हे. फायली हाताळणारा माणूस आहे, म्हणून फायलीत मावेल एवढेच मागतो. पहिली गोष्ट, पाचवी आणि सहावीची गणित-विज्ञानाची पुस्तके दुभाषी हवीत. डाव्या पानावर मराठी वा कोकणी, उजव्या पानावर इंग्रजी. शक्य नसेल तर निदान प्रत्येक धड्यामागे शब्दांची यादी. दुसरी, पाचवीच्या पहिल्या तीन महिन्यांत मुलाला उत्तर कोणत्याही भाषेत देण्याची मुभा असावी, तोंडी आणि लेखी दोन्ही. तिसरी, गणिताचा अनुभवी शिक्षक आधी दूरच्या शाळेला मिळावा आणि त्याला त्याबद्दल भत्ता मिळावा. बदलीची फाईल कशी फिरते हे मला चांगले ठाऊक आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो. चौथी, विर्नोड्याच्या पाटीवर 'विज्ञान' हा शब्द आणि त्यासोबत प्रयोगशाळा यावी. पाचवी, धारगळच्या आयुर्वेद संस्थेने आणि मोपाच्या विमानतळाने तालुक्यातील शाळांना दार उघडावे. वर्षातून काही दिवस आठवी-नववीच्या मुलांना वनस्पतींची प्रयोगशाळा, हवामानाची यंत्रे, विमान उतरवण्याचे गणित पाहू द्यावे. जमीन गावाने दिली आहे, एवढे मागण्याचा हक्क गावाला नक्कीच आहे.

सत्तरीत शेळ-मेळावलीला आयआयटी येणार होती. जमिनीसाठी लोक उठले आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारने तो बेत सोडला. जमिनीचा प्रश्न खराच होता, त्यावर मी इथे बोलत नाही. पण तेव्हा माझ्या मनात आले, ही संस्था उभी राहिली असती तरी मेळावलीच्या शाळेतून तिच्या वर्गापर्यंत जाणारी वाट कुणी आखली होती काय? मोठी संस्था दारात आली म्हणून दारातले मूल आपोआप आत जात नाही. त्या वाटेची सुरुवात पाचवीच्या वर्गात होते आणि ती तिथेच तुटते.

आपल्या ग्रामसभांत रस्ता, पाणी, वीज, बेकायदा बांधकामे यांवर तास न् तास चर्चा होते. व्हायलाच हवी. पुढच्या ग्रामसभेत कुणीतरी उठून एवढेच विचारावे: गेल्या वर्षी आपल्या पंचायत क्षेत्रातून किती मुले दहावी पास झाली, त्यांतली किती विज्ञानाला गेली, आणि जी गेली नाहीत ती स्वतःच्या मर्जीने गेली नाहीत की नाइलाजाने? हा आकडा कुठल्याच पंचायतीच्या वहीत नसतो. तो लिहायला सुरुवात झाली, दरवर्षी मोठ्याने वाचला जाऊ लागला, तर शिक्षण खात्याला आणि आमदारांना त्याचे उत्तर द्यावेच लागेल. सरकारी कचेरीत इतकी वर्षे काढल्यावर एक गोष्ट मी खात्रीने सांगतो. ज्याची नोंद होत नाही त्यावर कधी कारवाईही होत नाही.